वेदनेचा एकच साक्षीदार : पाठीच्या कण्यातल्या एका तारेचा इतिहास



आजचं पुष्प गुंफायला आम्हाला बोलावलं तेव्हा संयोजकांनी प्रेमाने एक अट घातली. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सांगा, पण श्रोत्यांच्या अंगाला लागेल असं सांगा." आम्ही ती अट शब्दशः घेतली. म्हणून आजचा विषय आहे अंगात बसवायचं एक यंत्र आणि त्याचा इतिहास.

यंत्राला स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटर म्हणतात. मणक्यांच्या आत, मज्जारज्जूच्या आवरणाला लागून एक बारीक तार सरकवतात. तिच्या टोकाशी धातूचे छोटे छोटे ठिपके असतात. दुसरं टोक कातडीखालून नेऊन बॅटरीच्या एका चपट्या डबीला जोडतात आणि ती डबी कमरेच्या खाली किंवा पोटाच्या बाजूला कातडीखाली ठेवून देतात. त्या डबीतून विजेचे सौम्य ठोके मज्जारज्जूला जात राहतात. कशासाठी? तर महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं न थांबणारं दुखणं कमी व्हावं म्हणून.

विषय निवडायला एक घरचं कारणही आहे, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या थोरल्या बंधूंचं, दादांचं, मणक्याचं ऑपरेशन झालं. गादी सरकली होती, तिचा तुकडा काढला. टाके वाळले, दादा हिंडूफिरू लागले, पण डाव्या पायातली कळ काही गेली नाही. कमरेतून निघायची ती पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. पुन्हा एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "काका, इथे तर सगळं छान आहे. आता दुखायला काही कारणच नाही. मन जरा दुसरीकडे गुंतवा." दादा तिथे काही बोलले नाहीत. रिक्षात बसल्यावर आम्हाला म्हणाले, "अरे, मी खोटं बोलतोय असं वाटतं का रे त्यांना?"

आमचं आयुष्य ज्ञानमीमांसा शिकवण्यात गेलं. माणसाला एखादी गोष्ट कळते म्हणजे नेमकं काय होतं, हाच आमच्या धंद्याचा प्रश्न. आणि इथे सख्खा भाऊ तोच प्रश्न रिक्षात विचारत होता. ताप असेल तर थर्मामीटर सांगतो. हाड मोडलं तर एक्स-रे सांगतो. दुखण्याचं तसं नाही. दुखण्याला साक्षीदार एकच असतो, ज्याचं दुखतं तो. बाकी सगळे त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतात किंवा ठेवत नाहीत. आज जो इतिहास आपण पाहणार आहोत, तो वरवर विजेचा आणि तारेचा आहे. आतून तो या एका साक्षीदाराचा इतिहास आहे.

आपल्या परंपरेला हे ठाऊक होतं. 'वेदना' हा शब्दच 'विद्', म्हणजे जाणणे, या धातूपासून आलेला. बौद्ध विचारात वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे. सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली अशी कुठलीही जाणीव ती वेदना. न्यायदर्शनात सुखदुःख ज्याचं त्याला मनाच्या द्वारे थेट कळतं. दुसऱ्याचं दुःख मात्र आपण अनुमानानेच जाणतो. हा फरक लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तो लागणार आहे.

आता इतिहासाकडे. विजेने दुखणं शमवायची कल्पना, विजेला वीज म्हणून ओळखण्याच्याही आधीची आहे. रोमन सम्राट क्लॉडियसच्या काळात स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य होता. इसवी सन ४७ च्या सुमारास त्याने औषधांचा एक ग्रंथ लिहिला. त्यात टॉर्पेडो माशाचा उपाय आहे. आपल्याकडच्या पाकटासारखा हा चपटा मासा. शिवलं की झटका देतो. संधिवाताने पाय ठणकत असेल तर रुग्णाने समुद्राच्या ओल्या किनाऱ्यावर उभं राहावं, जिवंत टॉर्पेडो पायाखाली घ्यावा आणि पाय गुडघ्यापर्यंत बधिर होईतो तसंच राहावं, असं तो सांगतो. डोकेदुखीलाही हाच मासा. 'टॉर्पेडो' हे नावच बधिर होणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून पडलेलं आहे. इथे लक्षात घ्या, वैद्याला कारण माहीत नाही. रुग्ण म्हणतो बरं वाटलं, वैद्य लिहून ठेवतो.

त्यानंतरची मोठी उडी सतराव्या शतकातली, आणि ती आमच्याच गोत्रातल्या माणसाची, रेने देकार्तची. त्याचा मानवदेहावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं एक चित्र अनेकांनी पाहिलं असेल. एका मुलाचा पाय विस्तवाजवळ आहे आणि पायापासून मेंदूपर्यंत एक धागा गेलेला आहे. देवळातल्या घंटेची दोरी खाली ओढली की वर घंटा वाजते, तसं पायाला चटका बसला की मेंदूत दुखणं वाजतं.

कल्पना सोपी आणि फार उपयोगी. पण तिचा एक परिणाम झाला. दोरी ओढणारं कोणी नसेल तर घंटा वाजताच कामा नये, असं ठरून गेलं. जखम नाही, तर दुखणं नाही. दादांच्या एमआरआयकडे पाहून डॉक्टर जे बोलले ते खरं तर देकार्त बोलत होता, साडेतीनशे वर्षांनंतर.

आणि घंटा थांबतच नसेल तर काय करायचं? दोरी कापायची. १९१२ साली फिलाडेल्फियात स्पिलर आणि मार्टिन यांनी मज्जारज्जूतला वेदना वाहून नेणारा भाग कापण्याच्या शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध केली. कर्करोगाच्या रुग्णांना तिने आराम दिला, हे नाकारता येणार नाही. पण जे पुढे बरीच वर्षं जगले, त्यांच्यापैकी पुष्कळांचं दुखणं परत आलं. दोरी कापलेली, तरी घंटा वाजतेय!

याची सूचना खरं तर आधीच मिळाली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने नसांना गोळी लागलेले सैनिक तपासले. कित्येकांची जखम भरली होती, पण हातापायाची आग आग होत होती. वाऱ्याची झुळूकही सोसवत नव्हती. काहींना तर कापून टाकलेला पाय दुखत होता. त्याचं पुस्तक १८७२ सालचं.

दुसऱ्या महायुद्धात नेमकं उलट दिसलं. इटलीतल्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने गंभीर जखमी झालेल्या २१५ सैनिकांना विचारलं की दुखण्यावर औषध हवं का. बहुतेकांनी नको म्हटलं. त्याने हे १९४६ साली प्रसिद्ध केलं. म्हणजे एकीकडे जखम नाही आणि दुखणं आहे. दुसरीकडे जखम आहे आणि दुखणं त्या मानाने नाही. देकार्तची दोरी दोन्हीकडून तुटली. बीचरचं नाव लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

मग १९६५ साल. रोनाल्ड मेल्झॅक हा मानसशास्त्रज्ञ आणि पॅट्रिक वॉल हा मज्जाशास्त्रज्ञ, दोघांनी मिळून 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : मज्जारज्जूत शिरताना वेदनेच्या वाटेवर एक फाटक आहे. वेदनेचा निरोप आणणारे मज्जातंतू बारीक असतात. स्पर्शाचा, दाबाचा निरोप आणणारे तंतू जाड असतात. जाड तंतूंची वर्दळ वाढली की फाटक लोटलं जातं आणि बारीक तंतूंचा निरोप अडतो. शिवाय वरून, मेंदूकडूनही, त्या फाटकावर हुकूम येतात.

हे ऐकून आपल्याला फारसं नवल वाटणार नाही. पोराचा गुडघा आपटला की आई आधी काय करते? चोळते. आजी फुंकर घालते. या दोघींना मज्जातंतूंची जाडी माहीत नव्हती, पण चोळल्याने बरं वाटतं हे पोराच्या रडण्यावरून कळत होतं. मेल्झॅक आणि वॉल यांनी या अनुभवाला शरीरात जागा दाखवली.

आता एखादा हुशार माणूस लगेच विचारणार, की हे जाड तंतू एकत्र कुठे सापडतील? ते मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला जुडीने वर जातात. मग तिथेच वीज दिली तर? हा विचार अमेरिकेत क्लीव्हलँडच्या सी. नॉर्मन शीली या न्यूरोसर्जनने केला. त्याच्याबरोबर टॉम मॉर्टिमर नावाचा तरुण अभियंता होता. आधी मांजरांवर प्रयोग झाले. मग १९६७ साली सत्तरीच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर त्यांनी विद्युतअग्र बसवलं. त्याला फुफ्फुसाचा कर्करोग होता, छातीत आणि पोटात असह्य दुखत होतं. वीज सुरू केली की तो म्हणायचा कमी झालं; बंद केली की म्हणायचा पुन्हा आलं. आजाराने तो लवकरच गेला. आज जगभर ही यंत्रं बसवली जातात. त्या सगळ्यांची सुरुवात या एका मरणासन्न माणसाच्या 'कमी झालं' या शब्दांत आहे.

पुढची प्रगती भराभर झाली, कारण पेसमेकरचं तंत्र तयारच होतं. मिनीॲपोलिसची मेडट्रॉनिक ही पेसमेकर बनवणारी कंपनी त्यात उतरली. सुरुवातीच्या यंत्रात बॅटरी शरीराबाहेर असायची आणि कातडीवर चिकटवलेल्या अँटेनातून आत वीज पोचायची. मणक्याचं हाड कापून विद्युतअग्र बसवावं लागे. सत्तरच्या दशकात जाड सुईतून तार आत सरकवता येऊ लागली. ऐंशीच्या दशकात बॅटरीही कातडीखाली गेली. या शतकात मोबाइलसारखी बाहेरून चार्ज होणारी बॅटरी आली.

आता यातली गंमत पाहा. हे यंत्र ज्या सिद्धान्तातून जन्मलं, त्या सिद्धान्ताप्रमाणे ते सगळ्या दुखण्यांवर चालायला हवं. बोट कापलं तरी, दाढ दुखली तरी. प्रत्यक्षात तसं होत नाही. ताज्या दुखापतीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग नाही. ते चालतं ते मुख्यतः मज्जातंतूच बिघडल्याने होणाऱ्या दुखण्यावर, म्हणजे दादांच्या पायातल्या कळेसारख्या. फाटकाचं चित्र अर्धवट होतं. पुढच्या संशोधनाने त्यात मज्जारज्जूतली रसायनं आली, मेंदूकडून खाली येणारे मार्ग आले. सिद्धान्त दुरुस्त होत गेला, यंत्र मात्र शरीरात बसत राहिलं.

मग ते कुणाला बसवायचं हे ठरवायचं कसं? इथे एक फार महत्त्वाची प्रथा पडली. आधी तात्पुरती तार घालतात, डबी बाहेरच कमरेला अडकवतात आणि रुग्णाला काही दिवस घरी पाठवतात. सांगतात, चाला, झोपा, जेवायला बसा. परत आल्यावर विचारतात, किती कमी झालं? साधारणपणे निम्मं तरी कमी झालं म्हणाला तरच कायमचं यंत्र. म्हणजे निर्णय कोणाच्या हातात? रुग्णाच्या. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००८ साली या यंत्राला मान्यता दिली तेव्हा निकष ठेवला तो असा : शंभर मिलिमीटरच्या एका रेघेवर रुग्णाने आपलं दुखणं किमान पन्नासवर दाखवलं पाहिजे, ते सहा महिने टिकलेलं असलं पाहिजे आणि चाचणीत गुण आलेला असला पाहिजे. ज्याला 'मन दुसरीकडे गुंतवा' म्हणून वाटेला लावत होते, त्याच्या शब्दाला इथे सरकारी कागदावर जागा मिळाली. आम्हाला ही गोष्ट तारेच्या शोधापेक्षा मोठी वाटते.

याला मेल्झॅकचाच हातभार आहे. १९७५ साली त्याने मॅकगिल विद्यापीठात दुखण्याच्या शब्दांची एक प्रश्नावली केली. ७८ शब्द, २० गटांत. आम्ही ती पाहिली तेव्हा वाटलं, मराठीत अशी यादी करायला आजीला बसवायला हवं. डोकं ठणकतं, दाढ ठुसठुसते, पोटात मुरडा येतो, पाठीत उसण भरते, जखम चरचरते, तळपायाची आग होते, छातीत चमक येते, अंग मोडून येतं. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. साक्षीदार नीट बोलतो, मंडळी. ऐकणारा हवा.

इथपर्यंत ही गोष्ट सुखान्त वाटते. पण आता तिला वळण आहे.

जुन्या पद्धतीच्या यंत्रात दुखऱ्या जागी मुंग्या येतात. म्हणजे व्यवहार असा, की कळ द्या आणि मुंग्या घ्या. २००७ साली कॅनडातल्या रेजायनाचे न्यूरोसर्जन कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. सगळे पाठीच्या ऑपरेशननंतरही पाय दुखणारे. सहा महिन्यांनी पायाचं दुखणं निम्म्याने कमी झालं असं सांगणारे यंत्राच्या गटात ४८ टक्के, नुसत्या औषधोपचाराच्या गटात ९ टक्के. फरक ठळक आहे. पण कुणाला यंत्र मिळालं हे सगळ्यांना माहीत होतं. आणि ते लपवणार कसं? मुंग्या आल्या की यंत्र चालू आहे हे कळतंच.

आता बीचरला परत बोलावू. १९५५ साली याच बीचरने प्लासिबोच्या, म्हणजे गुणहीन गोळीच्या, सामर्थ्यावर एक गाजलेला निबंध लिहिला. औषध म्हणून दिलेल्या साध्या गोळीनेही अनेकांना खरोखर बरं वाटतं. शस्त्रक्रियेचंही तसंच. १९५९ साली लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या दुखण्यावर तेव्हा चालणारी एक शस्त्रक्रिया तपासली. छातीतली एक रक्तवाहिनी बांधायची ती शस्त्रक्रिया. निम्म्या लोकांची ती बांधली, उरलेल्यांना नुसता कातडीला छेद दिला. आराम दोघांनाही सारखाच. ती शस्त्रक्रिया बंद पडली.

मुंग्यांच्या अडचणीवर उपाय यंत्राच्याच प्रगतीने दिला. सेकंदाला पन्नासेक ठोक्यांऐवजी दहा हजार ठोके देणारी यंत्रं आली, थांबून थांबून झुबक्याने ठोके देणारी आली. त्यांत मुंग्या येत नाहीत. म्हणजे आता यंत्र चालू आहे की बंद, हे रुग्णापासून लपवता येणार होतं. नॉर्वेतल्या ट्रॉनहाइमच्या डॉक्टरांनी तेच केलं. पाठीच्या ऑपरेशननंतर पाय दुखणारे ५० रुग्ण, सगळ्यांना चाचणीत गुण आलेला, सगळ्यांच्या शरीरात यंत्र बसवलेलं. वर्षभरात तीन-तीन महिन्यांच्या दोन पाळ्या यंत्र चालू, दोन पाळ्या बंद. रुग्णाला माहीत नाही. २०२२ साली निकाल आला. रोजच्या कामातली अडचण शंभर गुणांच्या मापावर चालू यंत्राने साधारण साडेदहा गुणांनी कमी झाली, आणि बंद यंत्राने सव्वानऊ गुणांनी. फरक नसल्यातच जमा.

मोठा वाद झाला. काही तज्ज्ञ म्हणाले, या प्रयोगात ठोक्यांची जी लय वापरली ती नेहमीची नव्हती. हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. २०२३ साली कॉक्रेन संस्थेच्या आढाव्याने कंबरदुखीपुरतं १३ चाचण्या तपासून सांगितलं की संशोधनाबाहेर हा उपचार करावा इतका पुरावा नाही. त्यावरही वाद चालू आहे. त्याआधी २०१८ साली शोधपत्रकारांनी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडच्या नोंदी उघड केल्या. २००८ पासून या यंत्रांच्या संदर्भात ८० हजारांहून अधिक इजांच्या नोंदी होत्या. तार सरकणं, जंतुसंसर्ग, झटके, बॅटरीची जागा दुखणं. अर्थात नोंद झाली म्हणजे इजा यंत्रानेच केली असं सिद्ध होत नाही. पण इतक्या लोकांचं म्हणणं दुर्लक्ष करण्याजोगंही नाही.

मग साक्षीदार खोटा ठरला का? नॉर्वेच्या त्या पन्नास जणांनी थापा मारल्या का?

इथे सुरुवातीचा फरक कामाला येतो. माझं दुखतंय, किंवा कमी झालंय, हे मला थेट कळतं. त्यात माझा शब्द शेवटचा. पण ते कशाने कमी झालं, हे मला थेट कळत नाही. ते अनुमान आहे, आणि अनुमान सगळ्यांचं चुकू शकतं; रुग्णाचं, डॉक्टरांचं, कंपनीचं. त्या पन्नास जणांना बरं वाटलं हे खरंच होतं. ते विजेने वाटलं, हे मात्र त्या प्रयोगात दिसलं नाही.

म्हणजे चुका दोन आहेत, आणि त्या आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट आहेत. पहिली चूक म्हणते, कारण सापडत नाही, म्हणून दुखत नाही. दुसरी चूक म्हणते, दुखायचं थांबलं, म्हणून यंत्रानेच थांबलं. दोन्हींत अनुभव आणि कारण यांची गल्लत आहे. पहिल्या चुकीने रुग्ण अपमानित होतो. दुसऱ्या चुकीने त्याचे काही लाख रुपये जातात आणि पाठीत एक तार राहते.

कुणी म्हणेल, सर, बरं वाटलं ना, मग कशाने का असेना! आम्हालाही हा मोह होतो. पण कारण वेगळं असेल तर तोच आराम सुरीशिवाय मिळू शकेल. नीट ऐकून घेणारा डॉक्टर, नियमित भेटी, आता कुणीतरी आपलं मानतंय हा धीर, यांतलं काय काम करत होतं हे शोधायला हवं. स्वतः शीलीनेही पुढे आपला भर शस्त्रक्रियेवरून काढून शस्त्रक्रियेविना वेदना हाताळण्याकडे वळवला.

आता दादांचं सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत तुम्ही तेच विचाराल. दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. पाऊण तास. मग तात्पुरती तार घातली. पाचव्या दिवशी दादा ताटावर मांडी घालून बसले. आम्ही विचारलं, "गेलं का?" म्हणाले, "गेलं नाही रे. शेजारच्या घरात रेडिओ लागल्यासारखं झालंय." त्यांनी यंत्र बसवून घेतलं. चार वर्षं बरी गेली, मग गुण कमी कमी होत गेला. ते विजेने होतं की त्या पाऊण तासाने, हे आम्हाला माहीत नाही, दादांनाही नव्हतं. पण रिक्षातला तो प्रश्न त्यांनी पुन्हा कधी विचारला नाही.

तुमच्यापैकी कुणावर असा निर्णय घ्यायची वेळ आली, तर एवढंच सांगू. चाचणीचे दिवस मागून घ्या, घाई करू नका. किती दुखतं ते कुणालाही न भिता सांगा. त्यात तुम्हीच प्रमाण. आणि यंत्र कशाच्या आधारावर सुचवताय, हे डॉक्टरांना तितक्याच निर्भयपणे विचारा. त्यात प्रमाण फक्त पुरावा.

आणि घरात कुणी दुखतंय म्हणालं, तर आधी फिल्म उजेडाकडे धरू नका. आधी त्याच्याजवळ बसा.

इथे थांबतो.